छाट

मार्च. सोलापूरची दुपार. वर पत्रा तापलेला,
खाली आठवी ब.
कन्ना चौकामागची शाळा; शेजारच्या कारखान्याची खटखट
खिडकीतून आत येते, आणि तिच्या वर आवाज चढवून बोलायची सवय
आम्हाला केव्हाच लागली आहे.

मी एक उतारा वाटला. पुसट झेरॉक्स,
लिहिणाऱ्याचं नाव कात्रीने उडवलेलं.
"वाच रे, इरेश."
इरेश हत्तुरे उठला आणि सुटलाच:
शहराचा पाणीप्रश्न आता इतिहासजमा झाला असून,
घरोघरी नळांना मुबलक पाणी खळाळत आहे,
नागरिकांच्या चेहऱ्यांवरून समाधान ओसंडून वाहत आहे.
कुठे अडखळला नाही. स्वल्पविरामालाही
मोजून थांबला.

"कसं वाटलं?"
"छान, सर."
"काय छान?"
"भाषा, सर."

अकरा वर्षं मीच शिकवलंय हे:
खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं वरच्या उताऱ्यातच असतात,
बोट ठेवा, उचला, वहीत टाका.

"इरेश, तुमच्या नळाला पाणी कधी आलं?"
"शुक्रवारी."
"आज वार कोणता?"
"मंगळवार."
मग तो पुन्हा कागदाकडे बघतो,
मधल्या वेळात कागद बदलला असेल तर, म्हणून.
मागून मुदस्सर: "काय बे, समाधान पूस की, शर्टावर सांडलंय!"
वर्ग फुटला हसून.

नागमणी येमूल हसली नाही.
ती कागद घेऊन खिडकीशी गेली,
दोन्ही टोकांना धरून उजेडासमोर ताणला.
"काय बघतेस?"
"वीण, सर. पप्पा टॉवेल असाच धरतात.
विरळ असला की पलीकडचं दिसतं."
आणि मग कुणी न विचारता,
"घरोघरी म्हणलंय. किती घरं, ते नाही.
नागरिक म्हणलंय. नाव एकाचंही नाही.
समाधान कुणी मोजलं?
आणि लिहिणाऱ्याचं नाव का कापलंय, सर?"

इतक्या लवकर तो प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं.
कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, कुणाच्या सोयीचं सांगतंय
अशी नीट यादी करून आणली होती मी.
ती खिशातच घामाने मऊ होत राहिली.

"मी लिहिलंय," म्हणालो.
"सात वर्षांपूर्वी, एका स्मरणिकेसाठी.
तेव्हाही आमच्या गल्लीत चार दिवसांनीच यायचं पाणी.
तीनशे रुपये मिळाले होते."

याच क्षणी शेजारचे माग थांबले,
असं मी पूर्वी लिहिलं असतं.
थांबले नाहीत.

मुदस्सर स्वतःच्या चपलांकडे बघत बसला.
इरेशने कागदाची हलकेच चौघडी घातली,
कुणाचं तरी खाजगी पत्र चुकून उघडल्यासारखी.

नागमणी म्हणाली, "आई रोज विड्या वळते, सर.
ब्रँचमध्ये तपासणारा मूठभर उचलतो,
बोटांनी दाबून बघतो. ढिली लागली की छाट."
थोडं थांबून,
"छाटीचे पैसे देत नाहीत."

एवढंच. रागावून नाही,
बाजारात भाव सांगावा तसं.
कागद माझ्या टेबलावर ठेवला, पालथा,
आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपायला दहा मिनिटं होती.
काही तरी चांगलं बोलता आलं असतं;
बोलायला मला येतं, तीच तर अडचण.
म्हणून एवढंच म्हणालो,
"इरेश, पुन्हा वाच."

त्याने चौघडी उलगडली. शहराचा, म्हणाला.
पाणीप्रश्न, म्हणाला, आणि वर बघितलं.
पुढे घरोघरी.
पुढे नळांना.
मग 'मुबलक'पाशी आला आणि थांबला,
स्वल्पविराम नव्हता तिथे.